गिधाडांचे औषध दोन वर्षांत बंद झाले, मग घाटाचा मसुदा दहा वर्षे मसुदाच का?

कातळफूल

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीत गेले असताना लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडे-प्राण्यांची गावानेच ठेवायची नोंद) पहिल्यांदा हातात घेऊन नीट वाचली. मुखपृष्ठ उत्तम, बांधणी भक्कम. आत झाडांच्या यादीत हिमालयातला देवदार होता. आमच्या गावात देवदार! मात्र पहिला पाऊस पडला की सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पांढरी होऊन उगवणारी दीपकाडी, जी कोकण आणि गोव्याच्या कातळावर सोडून जगात इतरत्र उगवत नाही, तिचे नाव कुठेच नव्हते. नोंदवही बाहेरच्या एका संस्थेने तयार करून दिली होती. गावात कोणाला विचारल्याचे कोणालाच आठवत नाही.

त्यावरून डोक्यात घोळणारा प्रश्न इथे मांडते. २००४ साली संशोधकांनी सिद्ध केले की डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मरतात, आणि २००६ मध्ये भारताने ते औषध जनावरांसाठी बंद केले. दुसरीकडे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला, २०१३ मध्ये तो पुन्हा तपासणाऱ्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, २०१४ च्या मार्चमध्ये घाटातले संवेदनशील क्षेत्र ठरवणारी पहिली मसुदा अधिसूचना निघाली आणि ३१ जुलै २०२४ रोजी सहावी. शास्त्र दोन्हीकडे होते, तळमळीची माणसेही दोन्हीकडे होती. मग एका ठिकाणी शास्त्राचे धोरण झाले आणि दुसऱ्या ठिकाणी झाले नाही, हे कशामुळे? आपापल्या क्षेत्रातला अनुभव कृपया लिहावा.

पशुवैद्य_निवृत्त

ताई, गिधाडांच्या बाजूने मी लिहितो, कारण ती बाटली मी माझ्या हाताने वापरलेली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस मिलीची डायक्लोफेनॅकची बाटली म्हणजे रोजची गरज होती. बैल लंगडतो, गाय तापाने फणफणली, म्हैस सुजली, की एक इंजेक्शन. आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी समाधानाने निरोप देई. त्यातले एखादे जनावर दोन दिवसांनी दगावले तर ते गावाबाहेर ओढून टाकत. पुढे काय होते, हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात गिधाडे कमी होत असल्याचे नोंदवले, तेव्हा पहिला संशय विषाणूवर होता. पुढे पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला आढळला आणि धागा औषधापर्यंत पोचला. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली होती. आणि गणिताने असे दाखवले की शंभरात एकाहून कमी मेलेल्या जनावरांत औषध असले, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे आहे.

तरीही माझ्या मते बंदी येण्याचे खरे कारण मेलॉक्सिकॅम हे आहे. हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे तपासून दाखवले गेले. त्या कामात बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा सहभाग होता. त्यामुळे 'हे बंद करा' असे सांगणाऱ्याच्या दुसऱ्या हातात 'हे वापरा' असे सांगायला काहीतरी होते. ते नसते, तर कळवळणाऱ्या जनावराच्या मालकासमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

माळावरची_वाट

अगदी नेमके. बंदी घालायला एक वस्तू होती आणि ती घालायला औषध नियंत्रकांचे एक कार्यालय होते. घाटाच्या बाबतीत असा एक दरवाजाच नाही की जो ठोठावावा.

सावंतवाडी_काजू

मी काजू बागायतदार आहे आणि मला मूळ प्रश्नाची मांडणीच मान्य नाही. 'शास्त्र होते, धोरण झाले नाही' असे म्हटले की दोष आपोआप गावकऱ्यांवर आणि पुढाऱ्यांवर येतो. गाडगीळ समितीचा अहवाल इंग्रजीत होता. तो सादर झाला २०११ मध्ये आणि लोकांसमोर आला २०१२ च्या मे महिन्यात. मधल्या काळात आमच्या भागात काय पोचले? 'घराचे कौल बदलायला दिल्लीची परवानगी लागणार', 'बागेत फवारणी केली तर गुन्हा दाखल होणार', 'गुरे रानात सोडायची नाहीत'. अहवालात घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन विभाग करून रासायनिक कीटकनाशके त्या विभागांत पाच, आठ आणि दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवावीत अशी शिफारस होती. आमच्याकडे ती 'उद्यापासून बंद' अशी पोचली. मोहोरावर ढेकण्या ही कीड पडली की आठवड्यात बाग करपते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही बातमी ऐकून झोप लागेल का?

आणि सगळ्यात वाईट वाटते ते पुढचे. विभाग कुठले असावेत याचा अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा, असे त्याच अहवालात स्पष्ट म्हटलेले होते. ज्या वाक्यात आमचा हक्क लिहिला होता, नेमके तेच वाक्य आमच्यापर्यंत आले नाही. आमच्याच सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी 'आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या' असे ठराव केले होते, हे मला स्वतःला कित्येक वर्षांनी कळले.

कातळफूल

आपली दुरुस्ती मी स्वीकारते. मांडणीत ती बाजू यायला हवी होती.

टिपणी_मसुदा

मी महसूल आणि नंतर मंत्रालयीन सेवेत तीस वर्षे काढली. धोरण आतून कसे होते याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण शास्त्रज्ञ मंडळींशी झालेल्या बैठकांत मला दर वेळी एकच गोष्ट खटकत असे.

त्यांच्या सादरीकरणात नकाशे असत, फार सुंदर नकाशे. शेवटी शिफारस असे, 'या भूभागाचे संरक्षण करावे'. बैठक संपली की ती शिफारस कार्यासन अधिकाऱ्याच्या टेबलावर येते आणि त्याला टिपणी लिहायची असते. टिपणीत त्याला चार-पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? कोणते गाव, कोणता गट क्रमांक, किती हेक्टर, जमीन कोणाच्या नावावर? अंमलबजावणी कोण करणार? खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? आणि कोणाचा आक्षेप येईल? ही उत्तरे नसतील तर फाइल 'अधिक माहिती मागवावी' असा शेरा घेऊन परत जाते, आणि त्या शेऱ्यात वर्ष निघून जाते. यात कोणी अडवणूक करत असतेच असे नाही.

आता घाटाकडे या दृष्टीने पाहा. गाडगीळ समितीने साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन आखून प्रत्येकाला पर्यावरणीय महत्त्वाचे गुण दिले आणि त्यावरून तालुक्यांचे विभाग सुचवले. शास्त्राच्या अंगाने ती पद्धत पारदर्शक होती, प्रत्येक गुणाचा हिशेब उघड होता. परंतु एका चौकोनात देवराई असते, कलमबाग असते, बाजारपेठ असते आणि तलाठ्याचे कार्यालयही असते. कस्तुरीरंगन समितीने गाव हे एकक धरले. ज्या गावात नैसर्गिक क्षेत्र वीस टक्के किंवा अधिक, ते संपूर्ण गाव यादीत. प्रशासनाला गावांची यादी हाताळता येते, म्हणून मसुदा तरी निघू शकला. पण वीस टक्के जंगलापायी ऐंशी टक्के शेतीवाडी असलेले गाव यादीत आले की तिथला शेतकरी आक्षेप घेणारच. प्रत्येक मसुद्यावर आक्षेपांचे गठ्ठे आले, राज्यांनी गावे वगळण्याची मागणी केली, आणि मसुद्याची मुदत संपून पुढचा मसुदा निघाला.

माळावरची_वाट

टिपणी_मसुदा यांनी जे लिहिले त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण माझ्या जिल्ह्यात आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र जवळपास ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, त्यात गावे, बाजार समित्या, विहिरी, खासगी शेते, सगळे आले. पक्षी राहत होता माळाच्या मोजक्या तुकड्यांवर. अभयारण्यातील जमिनीचा व्यवहार करायचा, विहीर काढायची, तर ना हरकत दाखला. तो मिळवण्यासाठी लोकांनी चपला झिजवल्या. माझ्या वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला काढली, तेव्हा आठ महिने त्यांनी हेलपाटे घातले. आमच्या घरात 'माळढोक' हा शब्द तेव्हापासून रागानेच उच्चारला जाई. पक्षी मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि त्याचे वर्णन ते डोळे विस्फारून करत. नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबवतो आणि त्याची हाक मैलभर ऐकू येते, असे सांगत.

पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. शास्त्राला धरून केलेले ते काम होते, पण तीस वर्षे उशिरा. तोवर लोकांचे मन तुटले होते, ओलिताखाली ऊस आला होता आणि पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे माळरानाची नोंद सरकारी दप्तरात 'पडीक' अशी होते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेश आजही गणले जातात. ज्या जमिनीचे नावच पडीक, तिथे वृक्षारोपण करा किंवा सौर प्रकल्प उभारा, सगळेच विकास ठरते. लांडगा, तणमोर, चिंकारा, धनगरांची मेंढरे यांचे घर ते. पण कागदावर तिथे काहीच राहत नाही.

कातळफूल

हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या सड्याची हीच कथा आहे. सातबाऱ्यावर सडा 'पोटखराब' असतो. चिरेखाण काढताना किंवा कातळ फोडून कलमबाग लावताना 'काहीतरी नष्ट होते आहे' असा विचार करायला कागद जागाच ठेवत नाही. पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यावर जाते. पावलाएवढ्या डबक्यात बेडकाची अंडी, त्याच्या कडेला बोटभर उंचीच्या कीटकभक्षी वनस्पतीची जांभळी फुले, आणि दहा पावलांवर खाणीच्या यंत्राचा आवाज.

वर्सोवा_दालदी

समुद्राचाही विचार व्हावा म्हणून लिहितो. आमचे घराणे दालदीचे, म्हणजे मासेमारीचे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केले आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासातून आलेले आहेत: मासा एकदा तरी अंडी घालेल इतका वाढू द्यावा, हे त्यामागचे तत्त्व. आमचे आजोबा हे तत्त्व संशोधन न करताच पाळत. जाळ्याची आस (भोकाचा आकार) किती ठेवायची हे ठरलेले असे. सातपाटीच्या मच्छीमार संस्था लहान पापलेट पकडू नये म्हणून कित्येक वर्षे ओरडत होत्या. म्हणजे इथे मागणीच मच्छीमारांची होती, शास्त्राने तिला मिलिमीटर दिले.

परंतु मिलिमीटर मोजणार कोण? पहाटे बंदरावर टोपल्या उतरतात, लिलाव तासाभरात संपतो. पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस नाही. आणि लहान मासा जाळ्यात आला तेव्हाच मेलेला असतो, तो परत टाकून काय उपयोग? नियम आस बघून लावला तर आधी लागू पडेल, आकार बघून लावला तर नंतर.

एक चांगलेही सांगतो. व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्रे आणि अर्ज दिल्यावर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. पूर्वी अशा वेळी आम्ही गप्प बसत असू, कारण कायद्याची भीती. आता लोक स्वतःहून चित्रफीत काढतात, आणि त्या अर्जांतून कोणता जीव कुठे, कधी दिसला याची नोंदही सरकारकडे होते.

पुण्यातील_संशोधक

मी परिसंस्थाशास्त्रात काम करते. चर्चेत शास्त्रज्ञांबद्दल जे आले आहे त्यातले बरेचसे खरे आहे आणि ते मनाला लागले आहे. आमचे मूल्यमापन शोधनिबंधांवर होते. सड्यावरच्या तीन वर्षांच्या कामाचा निबंध मी परदेशी नियतकालिकात छापला. त्या गावासाठी मराठीत चार पानांचे टिपण लिहायला मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही लिहिले नाही. याची मला खंत आहे.

मात्र एका मुद्द्यावर मला विरोध नोंदवायचा आहे. 'गट क्रमांक द्या, पर्याय द्या, मग धोरण होईल' असे म्हणताना आपण शास्त्राकडून फक्त सोयीची उत्तरे मागतो आहोत. गिधाडांचे कारण एक होते, उत्तर एक होते. घाटाचे तसे नाही. ओढ्याच्या उगमापाशी खाण निघाली तर खालच्या गावाच्या विहिरीवर किती वर्षांनी, किती परिणाम होईल, याचे उत्तर मी एका आकड्यात देऊ शकत नाही. दिले तर ते खोटे असेल. अनिश्चितता हा शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. ती दिसली की 'अजून अभ्यास व्हावा' असे म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो, आणि खाण मात्र अभ्यासासाठी थांबत नाही.

टिपणी_मसुदा

आपला विरोध योग्य आहे. मी एवढेच म्हणेन की अनिश्चितता असलेल्या विषयातही 'आज काय करू नये' हे बहुतेक वेळा निश्चित सांगता येते. ते एक वाक्य स्वतंत्र लिहून दिले तर अधिकारी त्याच्या आधारे उभा राहू शकतो.

डिचोली_गोवा

गोव्यातून लिहितो. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यातल्या गोळावली परिसरात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. वाघांकडून गुरे मारली गेली होती, त्याचा तो परिणाम. म्हादईच्या रानात वाघ आहेत हे शास्त्राने आधीच नोंदवलेले होते, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची व्याघ्र प्रकल्पाची शिफारसही होती. उच्च न्यायालयाने २०२३ च्या जुलैमध्ये तीन महिन्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या माणसाची म्हैस गेली, त्याला त्याच आठवड्यात पैसे मिळाले असते तर कदाचित कोर्टापर्यंत जायची वेळ आली नसती, असे मला नेहमी वाटते.

सावंतवाडी_काजू

एक आशादायक उदाहरण आमच्या तालुक्यातले. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिर आहे, समोर कुंड आहे. त्या कुंडातल्या इवल्याशा माशाची नवी जात २०२० मध्ये शास्त्रीय नावाने नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तसेच दोडामार्गातल्या बांबर्डे इथली रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, जी देवाची राई म्हणूनच टिकली होती. दोन्ही जागा अडीच हेक्टरांच्या आसपास. जागा लहान, सीमा स्पष्ट, आणि देवाचे भय व माया आधीपासून होतीच. कोणाचीही रोजीरोटी त्यात गेली नाही.

पुण्यातील_संशोधक

मान्य, आणि आनंदही आहे. तरी एवढे लक्षात असू द्यावे की कुंडात पाणी वरच्या डोंगरातून येते. अडीच हेक्टर राखले आणि डोंगर गेला, तर मासाही जाईल.

सावंतवाडी_काजू

ते खरे आहे. पण डोंगराबद्दल बोलायला आता आमच्याकडे निमित्त आहे. पूर्वी डोंगराबद्दल बोलणारा बाहेरचा वाटायचा. आता कुंड आमचे, मासा आमचा, म्हणून वरचे पाणीही आमचे, असे गावात बोलता येते.

पशुवैद्य_निवृत्त

बंदीनंतर काय झाले तेही लिहायचे राहून गेले होते. २००६ नंतरही डायक्लोफेनॅक माणसांसाठी मोठ्या बाटलीत मिळत असे आणि लोक तीच बाटली जनावरांना टोचत. माझ्या शेजारच्या गावातल्या औषध दुकानात मी स्वतः ती पाहिली आहे. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग होते, त्यामुळे शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. शेवटी २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी तीन मिलीपुरती मर्यादित केली. उत्पादक न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही दोन औषधेही जनावरांसाठी बंद झाली. म्हणजे ज्याला आपण 'दोन वर्षांत झालेले धोरण' म्हणतो, त्याच्यामागे माणसे वीस वर्षे लागून राहिली आहेत. औषध दुकानांत जाऊन गिऱ्हाईक म्हणून बाटली मागणे, मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासणे, हे काम अधिसूचना निघाल्यानंतरही चालू राहिले, म्हणून पळवाटा सापडल्या. गिधाडे पूर्वीसारखी अजूनही झालेली नाहीत.

कातळफूल

पशुवैद्य काका, आपल्या या प्रतिसादाने माझ्या शीर्षकातला अर्धा भाग चुकीचा ठरला, आणि मला त्याचे समाधान आहे.

इतक्या सगळ्यांनी मनापासून लिहिले, म्हणून मी काय करायचे ठरवले तेही सांगते. जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांशी बोलले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती आणि उशीर झाल्यास राज्याला महिन्याला दहा लाखांची भरपाई होती, म्हणून नोंदवह्या धावपळीत झाल्या, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. नोंदवही दुरुस्त करता येते, त्याला बंदी नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला ते तयार आहेत. मला गट क्रमांकांची यादी, गुराख्यांकडून पाणथळींची स्थानिक नावे आणि कोणत्या सड्यावर कोणाची खाण प्रस्तावित आहे याची माहिती लागेल. खाणमालकांपैकी दोघे माझ्याच विद्यार्थ्यांचे वडील आहेत. त्यांनाही बोलावणार आहे.

पुण्यातील_संशोधक

ताई, मी राहिलेली चार पाने लिहून देते. मराठीत. दीपकाडीला बहर असेपर्यंतच सड्याचे सर्वेक्षण होऊ शकते, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. एखादा गुराखी दोन दिवस बरोबर चालेल का, आणि त्याच्या मजुरीचे किती ठरवायचे, तेवढे कळवावे.

टिपणी_मसुदा

ठरावाचा मसुदा मला पाठवा. सातबाऱ्यातल्या क्षेत्राचा आणि नकाशाचा मेळ आधी तलाठ्याकडून घालून घ्या. नंतर तोच आक्षेप पहिला येतो.

कातळफूल

गुराखी मिळाला. वय सत्तरच्या घरात, सड्यावरच्या प्रत्येक डबक्याला त्यांच्याकडे नाव आहे. मजुरी घेणार नाही म्हणाले. मी त्यांना सांगितले की घ्यावीच लागेल आणि नोंदवहीत माहिती देणाऱ्याच्या रकान्यात त्यांचे नावही लिहिले जाईल. त्या दुसऱ्या गोष्टीने ते जास्त खूश झाले.